गाडीचा दिवस

शशिकांत इंगवले निवृत्त झाले त्या दिवशी फेटा त्यांच्या डोक्यावर होता, शाल-नारळ त्यांच्या हातात होता, पण टाळ्या सगळ्यांत जास्त पडल्या त्या त्यांच्या आवाजाला. मालकांचं भाषण संपलं आणि मांडवातल्या कर्ण्यातून खुद्द इंगवल्यांचा आवाज घुमला, "हात आधी, माल मागनं!" इंगवले तर तेव्हा तोंडात पेढा घालून गप्प बसले होते. मांडवात हशा पिकला. बोलला होता तो 'सोबती'.

'सह्यकिरण प्रेस पार्ट्स' हा कोल्हापूरजवळचा मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना. पत्रा दाबून आकार देणारी उंच यंत्रं, म्हणजे प्रेस, तिथं रांगेनं उभी आहेत. वरचा साचा खाली आला की पत्र्याचा दरवाजा होतो. मधे हात सापडला तर हाताचा पत्रा होतो. हे दुसरं होऊ नये म्हणून इंगवल्यांना पगार मिळत होता. सेफ्टी ऑफिसर हा प्राणीच मोठा अभागी. त्यानं काम चोख केलं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही की लोक विचारतात, हा माणूस करतो तरी काय? इंगवल्यांनी आयुष्यभर हा प्रश्न सोसला. आता जाताजाता त्यांना उत्तर मिळालं होतं. त्यांचं काम इतकं मोलाचं ठरलं होतं की ते यंत्रात भरून ठेवलं गेलं होतं.

यंत्रांना सुरक्षेचे धडे द्यायचे प्रयत्न त्याआधीही पुष्कळ झाले होते. पण ती यंत्रं नियमांवर चालायची. टोपी वाकडी दिसली तरी ओरडायची, हात साच्यात दिसला तरी तेवढ्याच जोरात ओरडायची. कामगार वैतागून ती बंद करत किंवा कानातून काढून खिशात टाकत. मग संशोधकांनी प्रश्नच उलटा केला. यंत्राला नियम सांगायचेच नाहीत. सुताराचं पोरगं जसं बापाकडे बघून शिकतं, तसं यंत्राला एका मुरलेल्या माणसाकडे बघू द्यायचं. शेवटची दोन वर्षं इंगवल्यांच्या चष्म्यात दोन बारीक कॅमेरे होते, एक समोरचं जग पाहणारा आणि एक त्यांच्या बुबुळांवर नजर ठेवणारा. मनगटावर नाडी मोजणारा पट्टा होता. ते कुठं पाहतात, कुठं रेंगाळतात, नाडी केव्हा वाढते, पाऊल कुठं वळतं, हे सगळं दोन वर्षं नोंदलं गेलं. त्यातून यंत्रानं स्वतःच ठरवलं की कशाला महत्त्व द्यायचं आणि कशाला नाही. पुण्याच्या ज्या कंपनीनं ते बनवलं तिची तरुण अभियंता केतकी शेवडे साध्या शब्दांत सांगायची, "सोबती दर क्षणाला स्वतःला एकच प्रश्न विचारतो. या क्षणी इंगवले सरांनी कुठं पाहिलं असतं?"

प्रत्येक कामगाराच्या हेल्मेटमधून सोबती त्याच्या कानात बोले, आणि बोले तो इंगवल्यांच्याच आवाजात. नुसता बोलत नसे. प्रेससमोर न दिसणाऱ्या किरणांचा एक पडदा असतो. हात आत गेला की किरण तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतो. हा पडदा कुणाला बंद करायचा झाला तर आता सोबतीची संमती लागे. आणखी तीस कारखाने सोबती घेणार होते. त्याच्या पेटीवर खाली बारीक अक्षरात इंगवल्यांचं नाव असणार होतं.

कामगारांतर्फे आनंदा चौगुले बोलायला उठला. सगळ्यांत जुना प्रेस ऑपरेटर. माइक तोंडाला लावून म्हणाला, "साहेबांच्या काळात आमचं एक बोट गेलं न्हाई. देवमाणूस! कुटं बगावं आनि कुटं बगू नये, दोनी कळणारा मानूस!" कामगार खो खो हसले. प्रॉडक्शन मॅनेजर मगदूम सगळ्यांत मोठ्यानं हसले. इंगवलेही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

ही काय गंमत होती ते सांगायलाच हवं. माल न्यायला लॉऱ्या यायच्या त्या दिवसाला कारखान्यात 'गाडीचा दिवस' म्हणत. माल कधीच वेळेवर तयार नसे. किरणांच्या पडद्यामुळे काम सावकाश चालतं, म्हणून त्या दिवशी ऑपरेटर किल्ली फिरवून पडदा बंद करत आणि उघड्या साच्यात हात घालून सपासप पत्रे सरकवत. हा गुन्हा होता आणि तो थांबवणं हेच इंगवल्यांचं काम होतं. मग गाडीच्या दिवशी इंगवले काय करत? रोज सकाळी ते कॉम्प्रेसरच्या खोलीपासून डावीकडे, प्रेसच्या रांगेकडे वळत. गाडीच्या दिवशी उजवीकडे वळत आणि कँटीनमध्ये जात. पाण्याच्या टाकीत डोकावत, झाकण नीट बसतं का बघत, आचाऱ्याची नखं तपासत, पोह्यांची चव घेत. कँटीनची स्वच्छताही त्यांच्याच कामात मोडत होती, तेव्हा बोट ठेवायला जागा नव्हती. जे पाहिलंच नाही ते लिहायचं कसं? "गाडीच्या दिवशी साहेबास्नी आमच्या पोटाची लई काळजी," असं कामगार म्हणत, आणि प्रेमानं म्हणत. त्यांना वाटे, साहेब आपल्यासाठी डोळेझाक करतात. गुऱ्हाळं सुरू झाली की कुणी ना कुणी काकवीची बाटली घरी आणून देई. इंगवले ती घेत आणि खात.

निवृत्तीनंतर दिवाळीच्या आधी मगदूमांचा फोन आला. इंगवले अंगणात झेंडूला पाणी घालत होते.

"इंगवले, वाईट झालं. आनंदा चौगुलेचा हात सापडला. तीन बोटं गेली."

इंगवल्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा: माझ्या काळात नाही गेली. विचार आला आणि लगेच त्यांना स्वतःची किळस आली. पण तो आला होता, ही गोष्ट काही पुसता येईना.

त्याच आठवड्यात केतकी त्यांच्या घरी आली. पोरीचा चेहरा उतरला होता. इंगवल्यांच्या पत्नी विजयमालाबाईंनी चहा ठेवला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. केतकीनं टीपॉयवर पाटीएवढा स्क्रीन ठेवला. त्यावर कारखान्याचा नकाशा उमटला.

"सर, पूर्वी किल्ली ऑपरेटरकडे असायची, ती आम्ही काढून टाकली. आता पडदा बंद करायची विनंती ऑफिसातून स्क्रीनवर जाते. अपघात झाला तो गाडीचा दिवस होता. मगदूम सरांनी सगळ्या रांगेचा पडदा बंद करायला सांगितला आणि सोबतीनं हरकत घेतली नाही. आनंदामामांना काही बोललाही नाही. का बोलला नाही, ते शोधायला मी त्याचं डोकं उघडून पाहिलं." तिनं नकाशावर बोट ठेवलं. "जिथं तो जास्त लक्ष देतो तिथं लाल दिसतं, जिथं देत नाही तिथं निळं. हा साधा दिवस."

प्रेसची रांग लालभडक होती.

"आणि हा गाडीचा दिवस."

प्रेसची रांग पार निळी पडली होती. अख्ख्या कारखान्यात लाल ठिपका एकच होता, आणि तो होता कँटीनच्या पाण्याच्या टाकीवर.

इंगवल्यांनी कप खाली ठेवला.

"आधी वाटलं काही बिघाड असेल," केतकी म्हणाली. "पण नाही. हे त्यानं तुमच्याकडूनच उचललंय. कॉम्प्रेसरच्या खोलीपाशी तुम्ही उजवीकडे वळता तेव्हा तुमची नाडी भयंकर वाढते. दर वेळी. अनुभवी माणसाची नाडी वाढते म्हणजे त्याला धोका जाणवला, असा सोबतीचा हिशेब. म्हणून त्या दिवशी सगळ्यांत मोठा धोका त्या टाकीत आहे असं तो धरून चालतो." ती पुढं झुकली. "सर, आम्ही ते पाणी तीन प्रयोगशाळांमधून तपासून घेतलं. गाळ काढला, टाकीच्या भिंती खरवडल्या. काहीच सापडलं नाही. तुम्हाला तिथं काय दिसत होतं? तुमचा अनुभव आमच्यापेक्षा मोठा आहे. आम्हाला कळत नाहीये एवढंच."

ती थट्टा करत असती तर बरं झालं असतं. पण तिच्या डोळ्यांत निव्वळ आदर होता. या पोरीनं त्यांच्या पळपुटेपणात काहीतरी गूढ शहाणपण आहे असं समजून टाकीच्या भिंती खरवडल्या होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं इंगवल्यांना झालं. धरणी कुठली दुभंगते?

"पावसाळ्यात तिथं पाणी गढूळ येतं," ते म्हणाले. "एकदा कावीळ पसरली होती. तेव्हापासून मी लक्ष ठेवायचो."

कावीळ कधीच पसरली नव्हती. केतकीनं ते लिहून घेतलं. "मग अपघाताच्या चौकशीत मी असं सांगते, की सोबतीनं एका खऱ्या धोक्याला जरा जास्त महत्त्व दिलं. दुरुस्ती किरकोळ आहे, सोबतीच्या हिशेबात पाण्याचं वजन थोडं कमी करायचं. पुढच्या महिन्यात तीस ठिकाणी बसवायचंय. थँक यू, सर." तिनं वाकून नमस्कार केला आणि ती गेली.

विजयमालाबाई दारात उभ्या होत्या.

"कावीळ कधी पसरली होती हो?"

"होती. तुला आठवत नाही."

"मला सगळं आठवतंय. गाडीच्या दिवशी तुमचं पोट बिघडायचं ते आठवतंय. लग्नापासून मी ओव्याची पूड करून देतेय. मला वाटायचं पित्त आहे." त्यांनी कपबशा उचलल्या. "पोरगी विश्वासानं पाया पडून गेली. तुम्हाला कसं वाटलं?"

इंगवले उठून अंगणात गेले. पण त्या दुपारी त्यांनी पत्नीला एक गोष्ट सांगितली, जी आजवर कुणालाच सांगितली नव्हती. नोकरी नवी असताना एका गाडीच्या दिवशी त्यांनी खरोखरच प्रेस बंद पाडला होता. पुस्तकात लिहिलं होतं तसं, लाल फलक लावून. त्या वेळच्या वर्क्स मॅनेजरनं आवाजही चढवला नाही. त्यानं एक स्टूल मागवलं, ते लॉऱ्या लागतात त्या धक्क्यावर ठेवलं आणि इंगवल्यांना त्यावर बसवलं. "माल का नाही, ते ड्रायव्हरला तुम्ही सांगा." संध्याकाळपर्यंत ते तिथं बसून होते. जो येई तो विचारी, "काय साहेब, माल कवा?" ड्रायव्हर हसले, क्लीनर हसले, शेवटी मागल्या कारखान्यातले लोकही बघायला आले. दुसऱ्या खेपेला गाडीचा दिवस आला आणि इंगवल्यांचे पाय आपोआप उजवीकडे वळले. मग ते वळतच राहिले. वर्क्स मॅनेजर निवृत्त झाला, वारला, तरी वळत राहिले.

"म्हणजे कामगारांसाठी नव्हतं ते," विजयमालाबाई म्हणाल्या.

"नव्हतं."

"आणि काकवी खाल्लीत."

"खाल्ली," इंगवले म्हणाले. त्यांना रडू येईल असं वाटलं होतं, पण तेही आलं नाही. नुसती लाज वाटत राहिली, ओल्या कपड्यासारखी अंगाला चिकटून.

दुसऱ्या दिवशी ते आनंदाला भेटायला दवाखान्यात गेले. आनंदा खाटेवर बसून डाव्या हातानं पेरू खात होता. उजवा हात भल्या मोठ्या बँडेजमध्ये होता.

"साहेब! तुमी कशाला आलासा उन्हाचं? बसा की."

इंगवले बसले. तब्येतीचं विचारून झालं, पोराबाळांचं विचारून झालं. मग आनंदाच आवाज खाली आणून म्हणाला, "तुमी घोर करू नका. चौकशीवाल्यास्नी मी सांगून टाकलंय, माजाच हात चुकला. तुमचं नाव काडलं न्हाई मी."

"माझं नाव कशाला निघेल?"

"आवो, निगालं तर आडवं येतंयच की. सोबती का गप ऱ्हायला असं इचारलं तर सगळं उकरून निगणार. तुमी आमच्यासाटी डोळं झाकलासा, आनि आता म्हातारपनी तुमास्नी फासावर द्यायचं व्हय? आमी असले न्हाई."

"अरे, पण निष्काळजी म्हणून तुझ्या नावावर शिक्का बसेल. परत यंत्रावर घेणार नाहीत तुला."

"बसू दे." तो हसायला गेला, पण तोंड वाकडं झालं. उभ्या आयुष्यात ज्याचा एक पत्रा वाकडा गेला नव्हता त्याला हे बोलणं सोपं नव्हतं. पेरूची फोड हातातच राहिली. "खरं सांगू का साहेब? हात न्हाई चुकला. तुमी बगत नव्हता तवा आमास्नी ठाऊक असायचं. किल्ली मीच फिरवायचो न्हवं? मग एकजन प्रेसवर आनि एकजन मागं हुबा, नुसता हाताकडं बगायला. आज साहेब न्हाईत, आपला हात आपन सांबाळायचा. डोळ्यात त्याल घालून काम करायचो. आता किल्लीच न्हाई. मागं हुबा ऱ्हानारा मानूस बी काडून टाकला, सोबती हाय म्हनून. त्यो गप हुता, म्हंजे पडदा चालू हाय, असं मी समजलो. तुमचाच आवाज न्हवं कानात त्यो. तुमच्या आवाजावर मी इस्वास ठेवला."

इंगवले उठून खिडकीपाशी गेले. त्यांची डोळेझाक माणसाची होती तेव्हा सगळ्या कारखान्याला ती दिसत होती. लोक ती ओळखून सावध होत. यंत्रानं तीच उचलली, पण यंत्राच्या गप्प राहण्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. आता तीस कारखान्यांत तीस सोबती बसणार होते. केतकी पाण्याचं वजन कमी करणार आणि प्रेसची रांग तशीच निळी राहणार. तिथल्या गाडीच्या दिवशी त्यांच्याच आवाजाच्या भरवशावर कुणीतरी साच्यात हात घालणार होतं. हे थांबवणारं एकच वाक्य होतं आणि ते फक्त त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी ते आनंदाला तिथंच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. "काळजी घे," म्हणाले आणि निघून आले. रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण परत उजवीकडेच वळलो.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मगदूमांचा फोन आला. गडी गोडीत होता.

"इंगवले, उद्या केतकीबाई पाण्याचं सांगणारायत. तुम्ही नुसती मान हलवायची. चौगुलेनं स्वतःच चूक कबूल केलीय. त्याला आपण स्टोअरमध्ये बसवू, हलकं काम देऊ. सगळं गोडीत मिटतंय. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, नाही का?"

मूठ म्हटल्यावर इंगवल्यांना आनंदाचा बँडेजमधला हात आठवला. मगदूमांना आपण काय बोललो ते कळलंही नव्हतं.

"विचार करतो," इंगवले म्हणाले.

"आता कसला विचार? इतकी वर्षं कुठं केला होता?" मगदूम हसून म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

चौकशी कारखान्याच्याच सभागृहात होती. टेबलामागे मालक, सरकारी निरीक्षक आणि कामगारांचा एक प्रतिनिधी. एका बाजूला मगदूम, दुसऱ्या बाजूला भिंतीशी आनंदा, शर्टाची उजवी बाही कापून बँडेजवरून घातलेली. इंगवल्यांनी घरून निघताना ओव्याची पूड मागितली होती. विजयमालाबाईंनी दिली नाही. "आज राहू दे पोटदुखी," एवढंच म्हणाल्या.

केतकीनं नकाशा भिंतीवर लावला. लाल रांग, निळी रांग, लाल टाकी. मग तिनं कावीळ सांगितली. निरीक्षकांनी इंगवल्यांकडे पाहिलं. "बरोबर आहे ना, इंगवले?"

इंगवले उभे राहिले.

"कावीळ कधीच पसरली नाही," ते म्हणाले. "मी या मुलीला खोटं सांगितलं. त्या टाकीत काहीही नव्हतं. गाडीच्या दिवशी पडदे बंद असायचे. ते मला दिसू नयेत म्हणून मी तिकडे जात होतो. सोबती बिघडलेला नाही. तो माझ्यासारखाच वागला. तो आहे तसा तीस ठिकाणी बसवलात, तर तीस ठिकाणी गाडीच्या दिवशी हेच करील."

केतकीचं तोंड उघडं राहिलं होतं. मग ती हळूच म्हणाली, "पण सर, नाडी? तुमची नाडी वाढायची ती खोटी नव्हती."

"खोटी नव्हती. मी भीत होतो."

"कशाला?"

"गाडी अडली तर माझी फजिती होईल याला. एकदा झाली होती." ते आनंदाकडे वळले. एवढं आयुष्य कारखान्यात काढलं, पण यापेक्षा अवघड वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं. "आनंदा, तुम्हाला वाटत होतं मी तुमच्यासाठी डोळे झाकतो. ते तुमच्यासाठी नव्हतं. मी स्वतःसाठी झाकत होतो. तुम्ही उपकार मानत होता आणि मी ते मानू देत होतो. तुझा हात चुकला नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, एवढंच चुकलं."

मगदूम काहीतरी बोलायला उठले, "यांचं वय झालंय, मनावर परिणाम..." पण निरीक्षकांनी हात वर केला. पडदा बंद करायची विनंती कुणाच्या स्क्रीनवरून गेली होती, ते त्यांनी आता केतकीला मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. मगदूम खाली बसले.

तीस सोबती थांबवायचं ठरलं. केतकीनं सांगितलं, शिकलेलं नुसतं पुसून चालणार नाही. दोन वर्षांतला एकेक गाडीचा दिवस काढून, नजर कुठं चुकवली ते यंत्राला दाखवून द्यावं लागेल, आणि ते दाखवायला सरच लागतील. सगळे दिवस परत पाहावे लागतील. इंगवले म्हणाले, येईन. ती बरं म्हणाली, पण या खेपेला तिनं वाकून नमस्कार केला नाही. इंगवल्यांना ते रास्तच वाटलं.

बाहेर गेटपाशी आनंदा रिक्षाची वाट बघत उभा होता. जाताना टाळून जाता आलं असतं. मागल्या बाजूलाही एक दार होतं. इंगवले सरळ त्याच्यापाशी गेले. आनंदानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तो रस्त्याकडे बघत होता.

"माजी बायकू तुमच्यासाटी काकवी गाळून ठेवायची," तो म्हणाला. "आमच्या पोरास्नी न देता."

"आनंदा..."

"ऱ्हाऊ द्या." त्यानं डाव्या हातानं बँडेजचं टोक सोडवायला सुरुवात केली. दातांत धरून गाठ ओढली.

"अरे, काय करतोस? जखम ओली आहे."

"बगा," आनंदा म्हणाला.

पट्टीचे वेढे एकेक करून सुटले. शेवटचा कापूस चिकटला होता, तो त्यानं तोंड वेडंवाकडं करत ओढून काढला. मग उघडा हात त्यानं इंगवल्यांच्या छातीपुढे धरला. अंगठा होता. करंगळी होती. मधे काळ्या टाक्यांची एक सुजलेली, ओली ओळ होती आणि तिच्यापुढे काही नव्हतं.

इंगवल्यांची मान वळू लागली.

"तिकडं न्हाई," आनंदा म्हणाला. "हितं."

इंगवल्यांनी पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं तरी पाहत राहिले. रिक्षा येऊन थांबली, रिक्षावाल्यानं हॉर्न दिला, पण आनंदानं हात खाली घेतला नाही, आणि इंगवल्यांनी नजर काढली नाही.